एकतीस बाण

आर्डिस : नाही म्हणजे नाही, डार्ला. उद्या तुझ्या कॉलेजात येऊन मी काय सांगू? कॉफीत साखर किती घालायची ते?

डार्ला : दहाच मिनिटं, आर्डिसबाई. समितीसमोर दोन वाक्यं बोललात तरी पुरे.

आर्डिस : पेपर मिलमधून मला काढून टाकलं त्याला पस्तीस वर्षं झाली. आता मिलसुद्धा राहिली नाही, नदीकाठी नुसतं धुराडं उभं आहे. कॉफीची गाडी ढकलणाऱ्या बाईला कोण विचारतंय? तू आधी ती वडी खा. परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांची आहे.

डार्ला : चव अगदी तीच! गाडीच्या खालच्या फळीवर डबा असायचा.

आर्डिस : आणि तू चोरून दोन घ्यायचीस. केवढीशी होतीस गं! तेवीस वर्षांची, कॉलेजातून मिलमध्ये अभ्यासाला आलेली, पायात कोरे करकरीत बूट, मशीन सुरू झालं की कानांवर हात. पोरं म्हणायची, ‘मनाची डॉक्टरीण आली रे, तोंड सांभाळा.’

डार्ला : पहिला आठवडा कोणी बोललंच नाही माझ्याशी. मग तुम्ही गाडीचा दांडा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, ‘ढकल.’

आर्डिस : आणि नोव्हेंबरात तू वहीत काय लिहिलंस? ‘कामगार खचले आहेत, निम्मे गैरहजर.’ अगं बाई, हरणांच्या शिकारीचा आठवडा तो! सगळे नारिंगी जाकिटं घालून जंगलात बसलेले! आमचा एल्रॉय, माझ्याच पाळीतला, ते ऐकून आठवडाभर हसत होता. बायकोशी बोलायला ज्याला शब्द सापडत नसत, तो!

डार्ला : हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला मुलांना सांगते. आधी माणसांत बसा, मग लिहा. म्हणून तर त्यांना महिनाभर कारखान्यात, गोदामात, हॉस्पिटलात पाठवते. तो महिनाच आता रद्द करायचा म्हणतात. त्याऐवजी कॉम्प्युटरवर प्रश्न पाठवायचे, वीस मिनिटांत काम खल्लास. उद्या दहाला ठरणार.

आर्डिस : करू देत की! बिझनेस सायकॉलॉजी म्हणे. माणसाचं मन ओळखायला कॉलेज कशाला लागतं? मला कोणी शिकवलं होतं?

डार्ला : तुम्हाला कळत होतं. साहेब लोकांना कळत नव्हतं. तुमचं वरच्या मजल्यावर नेऊन सांगायला कोणीतरी लागतं, त्यासाठीच हे शिकायचं. आणि मी ते नेलं नाही.

आर्डिस : काय नेलं नाहीस?

डार्ला : (पिशवीतून पिवळा पडलेला मोठा कागद काढून टेबलावर पसरते.) हे. तुमच्या पाळीतल्या बत्तीस जणांकडून मी चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं, ‘कामावर अडचण आली की कोणाकडे जाता?’ हे गोल म्हणजे माणसं. ज्याच्याकडे जातात, त्याच्याकडे बाण.

आर्डिस : तो चष्मा दे बघू. अगं, सगळे बाण या एका कोपऱ्यात का घुसलेत? हा गोल मुकादमाचा ना?

डार्ला : तुमचा.

आर्डिस : काहीतरीच!

डार्ला : एकतीस बाण आहेत, मोजा हवं तर. मुकादमाकडे एकही नाही. कोणाचं घरी बिनसलंय, कोण दोन पाळ्या करून उभ्या उभ्या पेंगतोय, सगळं तुमच्या गाडीपाशी यायचं. आणि तुम्ही गुपचूप त्यांची कामं अदलाबदली करून द्यायचात.

आर्डिस : तेवढं कोणीही करील. वॉल्टचे डोळे मिटत होते, त्याला कापायच्या मशीनवर कसा उभा राहू द्यायचा?

डार्ला : माझे प्राध्यापक म्हणाले, कॉफीवाली कंपनीच्या तक्त्यात बसत नाही, हे पान काढून टाक. मी काढलं. फेब्रुवारीत मिलच्या साहेबांनी तुमची गाडी बंद केली आणि भिंतीला कॉफीची मशीनं लावली.

आर्डिस : थांब. हे तुझ्या हातात होतं आणि तू गप्प बसलीस?

डार्ला : हो.

आर्डिस : मला वाटलं, मी कोणालाच नको होते. शेवटच्या दिवशी एकानंही मान वर करून पाहिलं नाही. याच खुर्चीत बसून रडले मी! आणि तू पस्तीस वर्षं मला नाताळची कार्डं पाठवतेस!

डार्ला : प्रत्येक कार्डात लिहायला घेतलं. लाज वाटली. त्याच उन्हाळ्यात त्या कापायच्या मशीनवर वॉल्टची दोन बोटं गेली. नंतर मी शिकवायला लागले, निदान माझी मुलं असं पान काढणार नाहीत म्हणून. आज खरं तर माफी मागायलाच आले.

आर्डिस : माफी नंतर बघू. अजून रागात आहे मी. बत्तीस म्हणालीस ना? मग तो एक दीडशहाणा कोण?

डार्ला : ते नाही सांगता येणार. चिठ्ठ्या कोणाला दाखवणार नाही, असा शब्द दिला होता मी.

आर्डिस : शब्द कसला घेऊन बसलीस! निम्मी माणसं मातीखाली गेली. एल्रॉयला जाऊनसुद्धा सहा वर्षं झाली.

डार्ला : तोच.

आर्डिस : काय तोच?

डार्ला : एल्रॉय. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या मी कधीच दाखवणार नाही. पण ही तुमचीच आहे, असं मला वाटत आलंय. घ्या.

आर्डिस : बघा! एकतीस परक्यांना मी दिसले आणि माझ्या नवऱ्याला नाही. आणि अक्षर तरी बघ मेल्याचं! मला नाही लागत. तूच वाच.

डार्ला : ‘कामावर कोणाकडे जात नाही. ती दिवसभर बाकीच्यांचं ऐकते, दमून जाते. म्हणून घरीही काही सांगत नाही. तिच्याजवळ बसतो. तेवढ्यानं भागतं.’

आर्डिस : परत वाच.

डार्ला : ‘...तिच्याजवळ बसतो. तेवढ्यानं भागतं.’

आर्डिस : बेचाळीस वर्षं भांडले गं त्याच्याशी, बोलत का नाहीस म्हणून.

डार्ला : मी निघू का, आर्डिसबाई?

आर्डिस : बस खाली. त्या समितीत माणसं किती आहेत?

डार्ला : सात.

आर्डिस : उद्या नऊला न्यायला ये. आणि तो कॉफीचा मोठा थर्मास वरच्या फळीवर आहे, माझा हात पोचत नाही. तेवढा काढून ठेव.