टाकीच्या उतारावरील आठ जाळ्या आडव्या केल्याबद्दल

जबाब देणार: द्विचक्रीकुलावतंस, उतारमार्गधुरंधर, अल्पविरामसंरक्षक, त्रिवार भूमिस्पर्शी (तिन्ही वेळा डाव्या कोपरावर), सर्वत्र ‘ग्रंथराज’ या नावाने विख्यात. (एवढी बिरुदे रकान्यात मावत नाहीत, असे हवालदारसाहेबांनी सुनावल्यामुळे उर्वरित अकरा मी उदार अंतःकरणाने सोडून देत आहे.) वय ५२ वर्षे, धंदा छापखान्यात मुद्रितशोधन, राहणार बिस्किटांच्या कारखान्यामागे, दुसरा मजला, डाव्या हाताचे दार.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी व सासूबाई यांच्यासह राहतो. सासूबाईंचे वय ७१ असून त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत. आम्ही तिघेही सायकल चालवीत होतो. चौदा महिन्यांपूर्वी पाण्याच्या टाकीच्या उतारावर पत्नीच्या सायकलचे पुढचे चाक गटाराच्या लोखंडी जाळीत अडकले. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने, म्हणजे उभे होते. तिच्या खांद्याचे हाड जुळण्यास अकरा आठवडे लागले. तिची सायकल तेव्हापासून जिन्याखाली होती.

सासूबाईंनी रस्तेखात्याकडे तीन अर्ज केले. त्या जाळ्यांवरून रोज शेकडो गाड्या जातात आणि कोणाचीही तक्रार नाही, असे तेथील कारकुनाने सांगितले. सासूबाई म्हणाल्या, “गाडीचं चाक फटीत मावत नाही हो, सायकलचं मावतं. थांबा, आकडे आणून देते.”

त्यानंतर त्यांनी स्मार्टफोनवर एक ॲप घेतले. फोन हँडलला बांधला की सायकलला कोठे हिसका बसला, कोठे एकाएकी ब्रेक लागला, याची स्थळासह नोंद होते. दूधवाले, पेपरवाले, एक शिंपी व शाळेतील शिपाई धरून एकेचाळीस सायकलस्वारांच्या फोनवर त्यांनी ते स्वहस्ते बसविले. नकार देणाऱ्यास त्या पाढे चुकलेल्या विद्यार्थ्याप्रमाणे उभे करून ठेवीत. सहा आठवड्यांत नकाशा सिद्ध झाला. टाकीच्या उतारावरील नऊ जाळ्यांपाशी सतराशे बारा हिसके. मी तो नकाशा आद्योपान्त तपासला. तीस वर्षांच्या माझ्या व्यवसायात इतका निर्दोष मजकूर हाताखालून गेलेला नाही. रस्तेखात्याने तो फाइलला लावला.

जाळ्या चौरस आहेत. चौरस वस्तू पाव वळण फिरवली तरी त्याच खाचेत बसते, हा सिद्धान्त सासूबाईंनी मला जेवताना समजावून सांगितला. त्यानुसार गेल्या रविवारी दुपारी सव्वा वाजता आम्ही दोघे पहार घेऊन तेथे गेलो. भर दुपारी गेलो, कारण लपविण्याजोगे काही नव्हते. सात जाळ्या आडव्या झाल्या. आठवी उचलून धरली असता सासूबाईंच्या कमरेचा फोन निसटून रस्त्यावर आपटला. असे झाल्यास सायकलस्वार पडला असे समजून ॲप अर्धा मिनिट वाट पाहते आणि कोणी रद्द न केल्यास ठरवून दिलेल्या दोन क्रमांकांवर मदतीचा निरोप धाडते. आमचे चारही हात जाळीखाली गुंतलेले होते. पहिला क्रमांक पत्नीचा, दुसरा या पोलीस ठाण्याचा. माझा का नाही, अशी पृच्छा करता, जावई फोन उचलत नाहीत, असे मला जाळी हातात असतानाच कळविण्यात आले. नंतर आम्ही जाळी कडेला ठेवून दम खात बसलो.

हवालदारसाहेब पाच मिनिटांत हजर झाले. त्यांना मी नकाशा दाखविला. त्यानंतर आठवी जाळी खाचेत बसविताना तिसरा हात कोणाचा लागला, हे मला आठवत नाही.

त्याच सुमारास पत्नी उतारावरून आली. ती सायकलवर होती. जाळ्यांपाशी ती उतरली नाही. तिचे चाक एकामागून एक सात जाळ्यांवरून गेले. मी मोजत होतो. थांबून तिने विचारले, “आई, लागलं कुठे?”

सासूबाई म्हणाल्या, “मी नाही गं पडले, फोन पडला. तू कशावरून आलीस ते बघ आधी.”

पत्नीने सायकलकडे पाहिले. पुढील दोन मिनिटांत जे घडले त्याचा तपासाशी संबंध नाही.

सार्वजनिक मालमत्तेत ढवळाढवळ केल्याची तक्रार रस्तेखात्याने दिली असून जाळ्या पूर्ववत कराव्यात अशी त्यांची मागणी आहे. माझे म्हणणे असे की, रविवारनंतरच्या पाच दिवसांत त्या आठ जाळ्यांपाशी एकही हिसका नोंदलेला नाही. न फिरविलेल्या नवव्या जाळीपाशी तेवीस नोंदले आहेत. पहार माझ्या हातात होती; आरोपी एकच करावयाचा तर मला करावे. सासूबाईंना हे मान्य नाही. गणित त्यांचे असल्यामुळे त्यांना स्वतःचे नाव पहिले हवे आहे. जाळ्या पूर्ववत करणार काय, असे मला विचारले असता ठाण्यातील बाकावरून त्यांनीच उत्तर दिले, “लिहून द्या, जावईबापू. ते जितक्या वेळा उभ्या करतील तितक्या वेळा आपण आडव्या करू. माझी मुलगी रोज त्या रस्त्यानं जाते आता.”

माझेही म्हणणे हेच आहे. अशा विदुषीचा जावई म्हणून माझी नोंद व्हावी.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखविला. दोन वेलांट्या मी दुरुस्त करून घेतल्या. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम असल्याने खाली सही करीत आहे.

सहीपूर्वी एक निवेदन. ठाण्याच्या आवारात सायकल लावण्यास जागा नाही. सांगितल्याप्रमाणे मी ती भिंतीला टेकविली. तिच्यापुढे कोणी निळी जीप उभी केली आहे. चालक चहाला गेला आहे, असे मला गेला दीड तास सांगण्यात येत आहे.