शे बरोबर शे

…न्हाई, मला सांगा, माणसानं एका दिवसात एकच नाव किती वेळा लिहावं? मी अडतीस वेळा लिहिलं हो! तेही दोनदा! अन् नाव तरी कसं? ‘बियाणे उत्पादक शेतकरी मूलभूत माहिती अंतिम सुधारित’! आमच्या जालन्याच्या बियाणे कंपनीतली, कॉम्प्युटरमधली यादी ही. दुसरी यादी ‘बियाणे वाटप शेतकरी मूलभूत माहिती अंतिम सुधारित’. जुळ्या बहिणी! कोणत्या शेतकऱ्याला कोणतं बियाणं गेलं हे कॉम्प्युटरला विचारायचं तं दोन्ही याद्या जोडायच्या, अन् दर रकान्याआधी हे आख्खं नाव लिहायचं. का? तं गिरिधर साहेबांचा हुकूम, “पूर्ण नाव लिहा! काटछाट म्हंजे बेशिस्त!”

अन् दिवस कोणता? मला दोनच्या गाडीनं जाफराबादला पोरगी पाह्यला जायचं! वय चौतीस. आई म्हन्ती, “पप्पू, हे स्थळ गेलं तं मंग तू अन् तुझा कॉम्प्युटर!” साहेब म्हणतात, “यादी झाल्याबिगर हलायचं न्हाई.”

काढली यादी… तं टेंभुर्णीचा कडूबा, दोन एकराचा धनी, त्याच्याबी नावावर सगळ्या जिल्ह्याचं बियाणं! कॉम्प्युटरला लिहिलेल्या सूचनांची चार पानं वाचून राह्यलो, चूक काही सापडंना. डोळ्यापुढं नुसतं अंतिम सुधारित, अंतिम सुधारित…

शेजारी बसणाऱ्या शरयू मॅडम म्हणाल्या, “अहो, टोपणनावं द्या की! एकदाच सांगायचं, शेतकऱ्यांच्या यादीला ‘शे’ म्हण, वाटपाच्या यादीला ‘वा’. कॉम्प्युटर ऐकतो.” ऐकतो? साहेब ऐकत न्हाई अन् तो ऐकतो? दिली नावं. चार पानाच्या बारा ओळी झाल्या, अन् मधोमध काय दिसलं? ‘शे चा क्रमांक बरोबर शे चा क्रमांक’! अरे, शे बरोबर शे तं असणारच ना! तिथं एका बाजूला ‘वा’ पाहिजे होता, म्हंजे ज्याचं बियाणं त्याच्याच नावावर! दोन मिनटात यादी बिलकुल नीट. पावणेदोन वाजलेले. बॅग उचलली…

अन् साहेब आले. “हे शे कोण? वा कोण? पूर्ण नाव लिहा!”

तेवढ्यात हापिसचा फोन वाजला, मीच उचलला. साहेबांच्या मंडळी! “आमच्या ह्यांना सांगा, येताना दळण आणा.” तुम्हाला सांगतो, त्या माउलीनं तीस वर्षं नुसत्या ‘ह्यांच्या’वर संसार चालवला, एकदा तरी दळण दुसऱ्याच्या घरी गेलं का? पण बोलतो कोण? बसलो. पुन्हा पहिल्यापासून. अडतीस वेळा!

दोनची गाडी गेली. जीपला लटकून सहाला पोचलो. त्यांनी पोहे दोनदा गरम केल्ते. राजनंदिनी, म्हंजे पोरगी, तिनं एवढंच विचारलं, “उशीर का झाला?” मी सांगितलं की सगळं… ‘बियाणे उत्पादक शेतकरी मूलभूत माहिती’पासून. पूर्ण नावानिशी. तिचा बाप मधीच उठून गुरांना पाणी पाजून आला.

काल निरोप आला. “पोरगा बरा हाय, पण आमची पोरगी म्हन्ती, ‘गाडी चुकली’ एवढंच सांगायचं होतं ना?”

आई रडून राह्यली. मी म्हणलं, रडू नको, पोरगी लय हुशार हाय… आमच्या हापिसात एक दिवस टिकायची न्हाई.