थुका एकाचा, नावं तेवीस

...अन् वरून मलाच म्हनतात, "साहेबराव, तुमच्यामुळं विज्ञान बुडालं!" आता तुमीच सांगा, आमच्या उदगीर भागात बुडायला पानी तरी हाय का? लातूरला रेल्वेनं पानी आलं, आमच्या गावाला टँकर दहा दिवसाला एक! व्यंकटराव पाटलाच्या बोअरला तेवढं धो-धो, पर आमच्या बौद्धवाड्याला थेंब न्हाई. माझी बायको केवळा डोक्यावर घागरी वाहून वाहून वाकली, तुम्हाला सांगतो, बघवत न्हाई.

तर प्रयोगशाळेतल्या एक मॅडम आल्या. "थुंकीत डीएनए असतो, म्हणजे माणसाचं अख्खं पुस्तक, तीनशे कोटी अक्षरं! पहिलं वाचायला जगभरच्या शास्त्रज्ञांना तेरा वर्षं लागली, आता दोन-चार दिवसांत होतं." घ्या! हितं उदगीरच्या नव्या जिल्ह्याची फाईल कोनी उघडून बघंना, अन् हे लोक थुका वाचून राहिले! कोन कुठून आला, कोनाचं रक्त कोनाशी जुळतं, सगळं कळनार म्हने. व्यंकटराव मिशीला पीळ देत, "कळू द्या की! राजवंशी रक्त हाय आमचं."

मॅडमनी नावं चिकटवून तेवीस नळ्या वाटल्या, "अर्धा तास काही खाऊ नका, मग थुंका," म्हनल्या अन् सरपंचाकडं चहाला गेल्या. तेवढ्यात टँकरचा हॉर्न! आता टँकरच्या लाइनीत मानूस कुठं उभा राहतो? घागर राहती, अन् एकजन सगळ्यांच्या भरतो. तशाच लोकांनी नळ्या शाळेच्या ओट्यावर मांडल्या, "साहेबराव, तुझा पाय लचकलाय, तू बस, आमच्या बी भर!" अन् पसार! व्यंकटरावाला तंबाखूबिगर दम निघंना, "साहेब्या, माझी बी भर." बघा! माझ्या घागरीतलं पानी चालत न्हाई, थुका चालला!

पर जिमेदारी म्हंजी जिमेदारी. चिंच आठवली, कैरी आठवली... सतराव्या नळीला जीभ टाळूला चिकटली, तरी भरल्या. थुका माझा, नावं गावाची!

तीन महिन्यांनी मॅडम रडकुंडीला येऊन हजर. "मशीन तीनदा चालवलं! तेवीसच्या तेवीस जण सारखे, तिळमात्र फरक नाही! धुरपताबाईसुद्धा पुरुष!" सात लेकरांची माय ती, चप्पल शोधाया लागली. "एकतर कुणीतरी घोळ घातलाय, नाहीतर हे सगळे सख्खे जुळे भाऊ!"

मी तोंड उघडनार होतो, खोटं कशाला बोलू, थुका माझा, नावं गावाची... पर केवळाची वाकलेली मान दिसली अन् गप बसलो. म्हनलं, साहेबराव, हीच येळ हाय! हात जोडले, "पाटील, मशीनच सांगून राहिलं, आपन सख्खे भाऊ. आता तरी वाड्याला पानी सोडा."

व्यंकटरावानं तंबाखू मळली, दाढंखाली सारली, म्हनला, "हाव, भाऊ तर भाऊ! पर माझा सख्खा भाऊ चंद्रप्पा चौदा वर्षं झाली ह्याच बोअरच्या पान्यासाठी कोर्टात भांडून राहिला. तू त्याच्या मागं नंबर लाव."

मग काय... सांगून टाकलं मॅडमला खरं. थुका माझा, नावं गावाची! भाऊ होऊन बी घसा कोरडाच राहनार, तर परकेच बरे की आमी!