बेटावरचं गाव बंद

देवाजी : बंद म्हंजे काय? गाव का दुकान हाये, बंद ठेवायले?

कोलू : गुरुजीले ताप हाये ना, भाऊ. पेरमा, म्हंजे आमचा पुजारी, पूजा करून राह्यला. म्हणून ही दोरी बांधली. पूजा सरेपर्यंत बाहेरचा माणूस आत जात नाई. इथीच थांबा, मोहाखाली.

मीराबाई : अन् डोंग्यात बसवताना हे नाई सांगतलं तुमी?

कोलू : सांगतलं असतं तं तुमी परत गेले असते, बाई. नदी फुगून राह्यली. उद्या डोंगा चाललाच नसता. मंग हे बेट तुटलं जगापासून.

देवाजी : मी ऊर्जानगरहून एसट्या बदलत आलो. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या खिशात हायेत. पोरगा तिकडं झोपडीत पडला, अन् मी दोरीपाशी उभा राहू?

मीराबाई : हळू बोला. ऐकून राह्यले ते लोकं.

देवाजी : ऐकू दे. आपल्या घरातून हे पूजापाठ छप्पन सालीच गेले.

कोलू : दोरी ओलांडली तं कोणी मारणार नाई तुमाले, भाऊ. पण पूजा मोडली म्हणतीन. मंग गुरुजीच्या शाळेत पोरं यायचे नाईत.

मीराबाई : कोलूभाऊ, खरं सांगा. कंडक्टरनं निरोप दिला, ‘गुरुजीले ताप हाये, या.’ बस. किती ताप हाये?

कोलू : काल कोणाले ओळखत नव्हता. माह्या बायकोले आई म्हणे.

मीराबाई : ...मंग तिनं काय केलं?

कोलू : ओ दिली. रातभर कपाळावर ओलं फडकं ठेवत बसली.

मीराबाई : तुमी तं गावचेच. तुमाले जाता येते ना आत?

कोलू : मले येते.

मीराबाई : मंग गोळ्या तुमी न्या. द्या हो, संघपालचे बाबा.

देवाजी : अन् त्या पेरमानं फेकून देल्या तं?

मीराबाई : तुमी घुसले तं नक्कीच फेकन. द्या म्हणतो ना. कोलूभाऊ, उपाशीपोटी नका देऊ. आधी थोडी पेज पाजा.

(कोलू दोरीखालून वाकून आत जातो. झाडांमागं ढोल वाजत असतो. मग थांबतो.)

देवाजी : ढोल काऊन थांबला?

मीराबाई : थांबला म्हंजे थांबला. वाईट नका बोलू.

देवाजी : मी कुठी काय बोललो?

मीराबाई : मनात बोलून राह्यले ना. दिवाळीत म्हटलं होतं त्याले, बदली माग. म्हणे, आई, सुटी सरली का पोरं डोंग्याची वाट पाह्यत काठावर उभे राह्यते.

देवाजी : कोलू येऊन राह्यला. तोंडावरून काई समजत नाई याच्या.

मीराबाई : गोळी घेतली का त्यानं?

कोलू : घेतली. पेज पेरमानंच पाजली. मी विचारलं, गोळी चालते का? म्हणे, देवाचं काय बिघडते.

मीराबाई : अन् ओळखलं का कोणाले?

कोलू : तुमी आले म्हणून सांगतलं. डोळे उघडले. मंग म्हणे, बाबा भांडून राह्यले असन तिथी. बसवा त्याईले.

मीराबाई : ऐकलं का? शुद्धीवर हाये पोरगा.

देवाजी : बसलो म्हणा त्याले.