उलट्या स्टिअरिंगच्या ट्रकबाबत

मी, मयत ट्रकचालकाची बायको, वय ५८, धंदा शिवणकाम, राहणार मोडक्या ट्रकांच्या गॅरेजमागच्या दोन खोल्या, समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे :

माझे पती फौजेत ड्रायव्हर होते. सगळे त्यांना गमतीनं 'सुभेदार' म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी फौजेचा एक जुना ट्रक लिलावात घेतला. त्याच जातीचा ट्रक त्यांनी नोकरीत चालवला होता. बाकी सगळं जमलं, स्टिअरिंगनं मात्र दम काढला. स्टिअरिंगच्या चाकाखाली दात्यांचा बॉक्स असतो, त्याचे दात झिजले होते. चाक गरागरा फिरवलं तरी ट्रक ढिम्म. तो बॉक्स आता कुठं बनत नाही. त्यासाठी यांनी दोन वर्षं भंगारबाजार पालथे घातले.

जुन्या फौजी गाड्यांचं संचलन जवळ आलं, तेव्हा 'नटबोल्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंगारवाल्याकडे एक बॉक्स मिळाला. त्यानं माझ्यासमोर सांगितलं, "सुभेदार, हा डाव्या बाजूला बसून चालवायच्या ट्रकचा आहे. तुमच्यात बसेल, पण डावीकडे फिरवाल तर गाडी उजवीकडे जाईल. नका घेऊ." हे म्हणाले, "संचलनापुरता चालवतो. मग खरा शोधू." बॉक्स यांनी स्वतः बसवला. माझ्या दिरांनी, भंगारवाल्यानं सडका माल गळ्यात मारला, अशी तक्रार दिली आहे. ते खरं नाही. माल चांगला होता. त्या माणसाला आत बसवून ठेवलंय, त्याला सोडा.

जवळच्या एका गोदामामागच्या मोकळ्या मैदानात हे सराव करत. मी शेजारी बसायची. प्रत्येक वळणाआधी मी "उलट" म्हणायचं, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी दोनदा कुंपणात घुसलो. पुढे हात बसला. घरी हे नळसुद्धा उलटा फिरवायला लागले, बादली भरून वाहायची. आमची हसून हसून पुरेवाट व्हायची.

संचलनाच्या सकाळी यांनी गणवेशाचा जुना कोट घातला. बटणं मी आदल्या दिवशी पक्की केली होती. निघताना म्हणाले, "आज तोंडाला कुलूप. दोस्तांसमोर बायको शिकवतेय असं दिसायला नको. हातांना कळलंय आता." मी बरं म्हटलं.

चार वळणं नीट घेतली. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर उजव्या गल्लीतून हातगाडी आडवी आली. यांनी चाक डावीकडे फिरवलं. आयुष्यभर फिरवलं तसंच. ट्रक उजवीकडे गेला. हातगाडीवाला उडी मारून वाचला. ट्रक हातगाडीसकट टाकीच्या भिंतीवर गेला. यांची बाजू आत दबली. माझ्या बाजूची काचसुद्धा फुटली नाही.

ओरडलात का, असं आपण विचारलं. नाही. मी गप्प होते.

मला रडू येत नाही. शेजारणी म्हणतात, रडून घे. येत नाही तर काय करू? कोट परत मिळाला, त्याची दोन बटणं नाहीत. ट्रकमध्ये सापडली तर द्यावीत. ट्रक नको.

आज इथं चौकीत दिरांनी त्यांच्या गाडीतून आणलं. ते सारखं त्या भंगारवाल्याला शिव्या घालत होते. चौकात वळण आलं आणि माझ्या तोंडून "उलट" निघालं. भावजींनी गाडी कडेला घेतली. म्हणाले, "वहिनी, काय उलट?" मी त्यांना वर लिहिलंय तेवढं सगळं सांगितलं.  मग त्यांनी गाडी सुरू केली. पुढच्या वळणाला त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी काही बोलले नाही.

हा जबाब मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे. "मी गप्प होते" हे वाक्य हवालदारांनी हळू वाचलं, म्हणून पुन्हा वाचायला लावलं. तेही बरोबर आहे.