पेटीतल्या गांधीलमाश्या

(वळसंगजवळच्या रानातून बजाबाईंचा फोन. मुलगा शिवराज चिंचोळी एमआयडीसीत, कारखान्यात. रानात फोन स्पीकरवर, शेजारी शिवराजचे वडील आबासाहेब.)

शिवराज : किती चावल्या ते राहू दे आई, आबांना कुठं चावल्या ते सांग.

बजाबाई : मानंवर, कानामागं, हाताला. विळा घासला, चुना लावला. काटा हुडकतीया, पन घावंना.

शिवराज : घावणारच नाही. मधमाशीचा काटा राहतो, गांधीलमाशीचा नाही. तो चुना धुऊन काढ, साबणानं.

आबासाहेब : आरं, काय न्हाय झालं. तुजी आई उगं गाव गोळा करतीया.

शिवराज : आबा, मोटारीची पेटी उघडायच्या आधी काठीनं वाजवली नाही का? मला तर दरवेळी बजावता.

आबासाहेब : घाईत हुतो. आज दिगाची पान्याची पाळी. मोटार चालू झाली न्हाय तर म्हनंल, भावानं मुद्दाम पानी आडवलं. सुटलेली वायर बसवली, मोटार लावली, आन झाकन ढकलाय गेलो तवा उठल्या की.

शिवराज : मीच सकाळी म्हणालो, मोबाईलवरनं चालू होईना, पेटी बघून या.

आबासाहेब : तू काय त्यास्नी आत बसवून ठिवलं हुतास व्हय? तू मोबाईलची सोय केल्यापास्नं पेटी उघडायचं कामच पडंना, मग त्यांनी घर बांदलं.

शिवराज : आबा, आवाज असा का येतोय तुमचा?

आबासाहेब : घसा जरा... धरल्यागत झालाय.

बजाबाई : तळवं खाजवत्यात मगापास्नं. पोटावर गांध्या उठल्यात, लाल लाल. शिवा, तुला सांगितलं न्हाय, गेल्या साली बी असंच झालतं.

शिवराज : काय झालतं?

बजाबाई : कडबा काढताना एकच चावली, आन सगळं अंग सुजलं. डॉक्टरनं सुई दिली, म्हनला, फुडच्या खेपंला घरी बसू नगा, तडक या. ह्ये म्हनले, एकदा इख पचलं की अंगाला सवय हुती, परत बादत न्हाय. मला बी खरं वाटलं.

शिवराज : सवय नाही होत आई. उलट पुढच्या वेळी जास्त भडकतं, कंपनीत शिकवलंय आम्हाला. आबा, उठू नका. ऐकताय ना?

बजाबाई : ओकले बग आता.

शिवराज : कुशीवर झोपव. पायाखाली पोतं दे. पाणी पाजू नको, उठवून बसवू नको. इथल्या दीपकनं अँब्युलन्सला फोन लावलाय. निघालीय, पण लांबनं यायचीय.

बजाबाई : लांबनं म्हंजे? डोळं मिटाय लागल्यात रं ह्यांचं.

शिवराज : दिगूनानाचा पिकअप आहे का रानात?

बजाबाई : हाय की, उसाच्या पल्याड.

शिवराज : मग त्याला हाक मार.

बजाबाई : मारून मारून घसा बसला. मदी ऊस, वर पान्याचा आवाज. आन बांदाच्या भांडनापास्नं ह्यांचा सख्खा भाऊ आसून आपला फोन घेत न्हाय.

शिवराज : मीही लावून बघितला, लागत नाही. पळत जाशील?

बजाबाई : ह्यांना टाकून? परत ओकले आन घशात गेलं तर? तू सांग, जाऊ का? सांगशील तसं करते.

शिवराज : जा म्हणवत नाही, थांब म्हणवत नाही. मी इथं मशीनपाशी उभा राहून नुसता बोलतोय आई. दुसरं काय करू?

बजाबाई : फोन ठिवू नगंस.

शिवराज : नाही ठेवत. आई, मोटार चालूच आहे ना?

बजाबाई : हाय. आता मोटारीचं काय घिऊन बसलास?

शिवराज : इथनं बंद करतो. पाळीच्या दिवशी पाणी तुटलं की नाना भांडायला येणारच.

बजाबाई : पेटीकडं जाईल की तो. तितं माश्या घोंगावत्यात.

शिवराज : वाटेवर तूच आहेस. दिसला की अडव. केली बंद.

बजाबाई : व्हय, आवाज थांबला.

शिवराज : आबांशी बोलत राहा.

बजाबाई : काय बोलू? अवो, ऐकलं का, तुमच्या लेकानं दिगाचं पानी तोडलं. शिवा, ह्ये काईच बोलंनात. श्वास शिट्टीवानी वाजतूया.

शिवराज : आला का नाना?

बजाबाई : न्हाय.

शिवराज : आता?

बजाबाई : न्हाय रं बाबा.

दिग्विजय : कुनी मोटार बंद केली? पाळी माजी हाय, पंचांसमोर ठरलंय, आन तरी तुमी...

बजाबाई : भावजी, पेटीकडं जाऊ नगा. माश्या हायत. हितं बगा, ह्यांना बगा.

दिग्विजय : दादा? ए दादा.

शिवराज : नाना, मी शिवराज. पाणी मी तोडलं, काय बोलायचं ते मला नंतर बोला. गांधीलमाश्यांचं विष चढलंय. आडवंच न्या, दवाखान्यात. अँब्युलन्स वाटेत भेटली तर तिच्यात घाला.

दिग्विजय : गाडी हितं आनतो. वैनी, डोकं धरा तवर.

शिवराज : आई? हॅलो. आई, कुणीतरी बोला.

बजाबाई : गाडीत हाय. डोकं माज्या मांडीवर हाय.

शिवराज : श्वास चाललाय?

बजाबाई : हाय. लई बारीक.

शिवराज : बोलतायत का काही?

बजाबाई : न्हाय. ह्यांनी भावजीच्या शर्टाची बाही मुठीत धरलीया. गेर टाकाय त्यांचा हात हलंना.

दिग्विजय : सोडवू नगा, वैनी. मी असाच चालवतो.