कव्हरवरची सावळी

अठ्ठ्याहत्तर साली वर्ध्याच्या एका फोटो स्टुडिओत मी नंबर लागायची वाट पाहत होतो. शेजारी नाचणगावच्या आनंदाबाई बसल्या होत्या. लेक नलूला घेऊन तिचा स्थळांना धाडायचा फोटो काढायला आलेल्या. बाकावर सिनेमाच्या मासिकांचा ढीग होता.

"माय, हे पाय. एवढ्या ढिगात एकाच कव्हरवर सावळी हीरोइन हाय."

"छापनाऱ्याची शाई जास्त झाली असंल."

"साडी त पांढरीशुभ्रच हाय."

"मंग खरी हीरोइन आली नसंल त्या दिशी."

"हेच हीरोइन हाय. आतमंदी चार पानं लिव्हलं तिच्यावर. पावडर लावत नाई म्हने."

"तिले काय, तिचं लगन झालं असंल. तू लाव. फोटोवाले भाऊ, पोरीले गोरी काढजा, मागच्या खेपेसारखी."

"मावशी, तेव्हा तर पार दुधासारखी केली होती. जमलं नाही का?"

"कायचं जमते, भाऊ?" नलू म्हणाली. "मी चहा देऊन राह्यली होती, अन् पाव्हने म्हनत, आता पोरीले बोलवा."

"दोन-दोन कप प्याले, पन दाराकडंच पाहत बसले मेले."

"म्हनून ह्या खेपेला जशी हाओ तशी काढा."

"अन् फोटो पाहूनच नाई म्हटलं त त्यायनं?"

"त चहा वाचंल."

आनंदाबाई इतक्या हसल्या की बाक हलला.

"काढा भाऊ, जशी हाय तशी. अन् संग माहाबी एक काढजा. माह्या लग्नाच्या फोटोत नलूच्या बापाजवळ कोन गोरी बाई बसली हाय, ते मले अजून समजलं नाई."